सलूनच्या कापडाचा गळा

दादाचं सलून आहे कोल्हापुरात, म्हणजे आप्पांचंच दुकान, आधी तीन खुर्च्या होत्या आता पाच आहेत. मी ब्लाऊज-ड्रेस शिवते, मशीनवर बसून बावीस वर्षं झाली. तर दर दोन-तीन महिन्यांनी दादा एक गाठोडं आणून टाकायचा, कटिंगच्या वेळी गिऱ्हाइकाच्या गळ्याला बांधतात ती कापडं, कोणी एप्रन म्हणतं कोणी केप म्हणतं, आमच्या घरात नुसतं कापड म्हणतात. "वेल्क्रो बदलून दे गं" एवढंच बोलायचा आणि जायचा. मी उसवायचे, नवीन पट्टी लावायचे, टीप मारायचे, आणि तीन महिन्यांनी तीच कापडं परत माझ्या दारात.

एकदा दिवाळीच्या आधी कामाचा ढीग होता आणि त्यात हे गाठोडं आलं, तेव्हा खरंच वैताग आला. एक वेल्क्रो सुईने कोरून बघितला. त्या बारीक बारीक आकड्यांमध्ये केस इतके गच्च बसले होते की आकडा दिसतच नव्हता, काळी गादी झालेली नुसती. सुईने एकेक उपसायला लागले तर बोटाएवढ्या पट्टीतून चिमूटभर केस निघाले आणि केस काढल्यावर तीच पट्टी परत चांगली चिकटायला लागली! म्हणजे पट्टी खराब होतच नव्हती. वेल्क्रो कसा निघाला ते कुठेतरी वाचलेलं होतं, स्वित्झर्लंडचे एक इंजिनिअर जॉर्ज द मेस्त्राल, त्यांच्या कपड्यांना आणि कुत्र्याला रानातली गोखरूसारखी बोंडं चिकटली, त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि आकड्यांची रचना बघितली. कुत्र्याच्या केसात अडकणारी वस्तू बघून बनवलेली पट्टी आपण दिवसभर केस पडतात त्या जागी लावतो, मग दुसरं काय होणार. त्या दिवशी दादाला फोन केला आणि सांगितलं, वेल्क्रो बदलणार नाही, मी कापडच नवीन करते.

दादा म्हणाला कर, पण त्याला वाटलं मी रागात बोलतेय.

सोमवारी सलून बंद असतं. पुढच्याच सोमवारी दुकानात गेले आणि दादाला म्हटलं माझ्या पोराची कटिंग कर, मी बघते, आणि नंतर मी स्वतः खुर्चीत बसते, मला नुसतं कापड बांध आणि कात्री चालवल्यासारखं कर. लहानपणापासून त्या दुकानात वावरले पण त्या खुर्चीत कापड बांधून मी कधीच बसले नव्हते. सेना महाराजांचा फोटो, समोर आरसा, आणि गळ्याला ते कापड. पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे पुढून गळा दाबल्यासारखा वाटतो, आवंढा गिळताना पट्टी घशाला लागते, आणि मागे मात्र मानेच्या दोन्ही बाजूला बोट जाईल एवढी फट आहे. दादा म्हणाला घट्ट बांधू का, त्याने घट्ट केलं तर पुढून अजून आवळलं आणि मागची फट तशीच.

मग पोराची मान बघितली. दादाने डोकं पुढे वाकवायला सांगितलं, मशीन लावलं, आणि सगळे बारीक केस बरोबर त्या फटीत. एक केस बाहेर नाही. कटिंग झाल्यावर दादा ब्रश मारतो, पावडर मारतो, पण तोवर केस बनियनच्या आत पाठीवर गेलेले असतात आणि पोरगं घरी येईपर्यंत खाजवून मान लाल करतं.

आता ज्याने आयुष्यभर गळे कापलेत त्याला ही गोष्ट लगेच कळेल. साधा बंद गळ्याचा कुर्ता कापायचा तरी आपण मागचा गळा पाऊण-एक इंच खोल घेतो आणि पुढचा तीन इंच, कारण मान काही सरळ नळी नाही, ती पुढे झुकलेली असते. आणि बाजारातलं कापड घ्या, त्याचा गळा चारी बाजूंनी सारखा गोल कापलेला, नाहीतर सरळ पट्टी जोडलेली. बरं, बांधायचं मागे. म्हणजे दोन टोकं एकमेकांवर येतात ती जागा, जिथे हमखास फट राहणार ती जागा, बरोबर मानेच्या मध्यावर, जिथे सगळ्यात जास्त बारीक केस पडतात तिथे. मी दादाला म्हटलं, अरे कापडाचा रंग बदलतात, त्यावर दुकानाचं नाव छापतात, पण गळा कोणी बेतलाच नाही.

आप्पा तिथेच बाकड्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले आमच्या वेळी मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं सुती कापड होतं, धोकटीत घडी करून न्यायचं, मानेत खोचायचं, गाठ मारायची, आणि गिऱ्हाईक नदीवर जाऊन अंघोळ करायचं, त्यामुळे कापडाने काय केलं आणि काय नाही ते कोणी बघत नव्हतं. मग त्यांनी उजवा हात पुढे केला आणि बोटांची बेचकी दाखवली. तिथे एक बारीक छिद्र होतं पूर्वी, पू यायचा, डॉक्टरांनी चिरून आतून गिऱ्हाइकांचे केस काढले होते. केशकर्तनाचा धंदा करणाऱ्यांना हे होतं, कापलेला केस टोकाला तिरका आणि कडक असतो, कुसळासारखा कातडीत शिरतो. मला हे लहानपणी माहीत होतं पण तेव्हा कळलं नव्हतं की जो केस आप्पांच्या बोटात शिरला तोच केस कापडाच्या विणीतसुद्धा शिरतो. तिथून मी कापडाकडे वळले.

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला गेले, तिथे कापडाची होलसेलची दुकानं, एकाच फेरीत पाच प्रकार आणले अर्धा अर्धा मीटर. मांजरपाट, टेरिकॉट, छत्रीचं पॉलिस्टर, नायलॉन टॅफेटा आणि पातळ रेक्झिन. दादाकडून झाडलेले केस आणले पिशवी भरून. प्रत्येक तुकडा माझ्या मांडीवर पसरायचा, केस टाकायचे, हाताने चोळायचे आणि मग झटकायचं. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग किंवा त्याहून कमी, आणि मांजरपाटाची वीण भिंगातून बघितली तर त्यातून दोन-दोन केस उभे जातील. झटकून काही होत नाही, धुतलं तरी निघत नाहीत, उलटे टोचून बसतात. टेरिकॉट थोडं बरं. रेक्झिनमधून काहीच जात नाही पण जड, घडीवर तडे जातात आणि मे महिन्यात लाईट गेल्यावर ते गळ्यात बांधून कोणी दहा मिनिटं बसून दाखवावं.

छत्रीचं पॉलिस्टर मला आवडलं होतं. गुळगुळीत, हलकं, स्वस्त, केस शिरत नाहीत. पण चोळल्यावर केस त्याला असे काही चिकटले की झटकले तरी हलेनात, एकदा तर केस सरळ उभे राहिले कापडावर. थंडीचे दिवस होते, हवा कोरडी. माझी भाची अकरावी सायन्सला आहे, तिने वहीत काढून दाखवलं की घासल्यावर कुठली वस्तू कुठला भार घेते त्याची एक माळच असते, केस, लोकर, नायलॉन ही एका टोकाची मंडळी, धन भार घेणारी, आणि पॉलिस्टर, पीव्हीसी दुसऱ्या टोकाची, ऋण भार घेणारी. केस आणि पॉलिस्टर एकमेकांवर घासले की दोघांवर विरुद्ध भार येतो म्हणून चिकटतात. नायलॉन आणि केस जवळजवळ एकाच घरचे, त्यामुळे त्यांच्यात ही ओढ कमी. आणि खरंच, नायलॉनचा तुकडा झटकला की केस घसरून खाली. दोन-चार राहिले पण बोटाने निघाले. पावसाळ्यात हवेत ओल असते तेव्हा पॉलिस्टरसुद्धा एवढं त्रास देत नाही, म्हणूनच बहुतेक कोणाच्या लक्षात येत नसेल.

तर कटिंगसाठी नायलॉन ठरलं. पण डाय लावताना? नायलॉनवर डायचा थेंब पडला की डाग गेलाच नाही, तीन वेळा धुतलं. पॉलिस्टरवरचा बराचसा गेला. आणि डायच्या वेळी केस ओले असतात, चिकटण्याचा प्रश्न नाही. म्हणून दोन वेगळी कापडं, कटिंगला फिकट राखाडी नायलॉन, डायला आतून कोटिंग असलेलं काळं पॉलिस्टर. एकाच कापडात सगळं बसवायचा हट्ट मी महिनाभर धरला होता, तो सोडला तेव्हा काम पुढे सरकलं. फिकट रंग दादाने मागितला, त्याचं म्हणणं आपल्याकडे बहुतेकांचे केस काळे, काळ्या कापडावर मानेची रेघ कुठे संपते ते दिसत नाही, डोळ्याला ताण येतो. हे मला कधीच सुचलं नसतं.

पहिला नमुना डायच्या कापडाचा शिवला आणि तिथे मोठी चूक केली. सवयीने टाचण्या लावल्या. साध्या कापडात टाचणीचं भोक बुजून जातं, कोटिंगवालं कापड मात्र भोक विसरत नाही. वर कापड मशीनच्या फूटला, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरतो त्या भागाला, चिकटून पुढे सरकेना म्हणून मी तीच टीप दोनदा मारली, म्हणजे भोकं दुप्पट. दादाने ते कापड आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला बांधलं, काका त्याच दिवशी मुलीच्या साखरपुड्याला निघाले होते, पांढरा शर्ट घालूनच आले होते. खांद्याच्या शिवणीतून डाय उतरला आणि शर्टावर ठिपक्यांची रांग उमटली. काका काही बोलले नाहीत, उलट दादालाच म्हणाले असू दे. मला रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी शर्ट घेऊन त्यांच्या घरी गेले, काकूंच्या हातात दिला आणि माफी मागितली. तेव्हापासून खांद्यावर शिवण नाही म्हणजे नाही. मोठ्या पन्ह्याचं कापड घ्यायचं, अखंड कापायचं, शिवण फक्त गळ्याला आणि कडेला. टाचण्यांच्या जागी कपडे वाळत घालायचे चिमटे वापरते आणि फूटच्या खाली वर्तमानपत्राची पट्टी घालते, टीप झाली की कागद फाडून काढायचा.

गळ्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, जवळजवळ चार महिने. आधी मागचा-पुढचा गळा वेगळा कापला, ब्लाऊजसारखा, मागे उथळ पुढे खोल. पट्टी उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या रेषेत कापली, सरळ पट्टी मानेला वळत नाही, उरेब वळते. मागच्या बाजूला फक्त चार इंचात आत इलॅस्टिक घातलं, म्हणजे डोकं पुढे वाकवलं तरी पट्टी मानेबरोबर जाते. आणि बंद मागून काढून उजव्या कानाच्या खाली आणला, म्हणजे मानेवर पट्टी अखंड. दादा खूप चिडला. त्याचं म्हणणं बरोबर होतं, पंचवीस वर्षं हाताला सवय, समोरून कापड उडवायचं आणि मागे दोन्ही हातांनी लावायचं, ते न बघता होतं. आता एक टोक डावीकडून मानेमागून फिरवून उजवीकडे आणायचं. "गर्दीच्या रविवारी मी हे करत बसू का?" असं विचारलं त्याने. मी म्हटलं आठ दिवस कर, नाही जमलं तर परत मागे लावून देते. चौथ्या दिवशी त्याच्याकडचा पोरगा न बघता लावायला लागला आणि मग दादाही.

बंद कशाचा करायचा यावर वेगळी कथा. वेल्क्रो गेला. हूक लावला तर लांब केसात अडकतो. मग चुंबक लावले, दोन छोटे चपटे, टच करून लागायचे आणि सगळ्यांना फार आवडले, मलाही. एक निवृत्त गुरुजी येतात दादाकडे, त्यांनी चुंबक बघितला आणि हात वर करून थांबवलं, म्हणाले मला पेसमेकर आहे, डॉक्टरांनी मोबाईलसुद्धा वरच्या खिशात ठेवू नका सांगितलंय. चुंबक जवळ आला की पेसमेकरचं काम बदलू शकतं हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. गळ्याजवळून छातीला किती अंतर, आणि दादा प्रत्येकाला विचारत बसणार का की तुम्हाला मशीन बसवलंय का? त्याच संध्याकाळी सगळ्या नमुन्यांचे चुंबक उसवले. गुरुजी त्या दिवशी बोलले नसते तर पुढे काय झालं असतं हा विचार आला की अजून पोटात गोळा येतो.

शेवटी टिचबटण. लोखंडी लावली तर दोन महिन्यांत गंजली, म्हणून प्लास्टिकची, खाली बकरमचा, म्हणजे कॉलरमध्ये घालतात त्या कडक कापडाचा तुकडा दिला नाहीतर ओढून ओढून कापड फाटतं. तीन घरं ठेवलीत, चौदा, साडेपंधरा आणि सतरा इंच, शर्टाच्या कॉलरच्या मापावरून. पोरांसाठी वेगळं कापड.

आणि कागदाची पट्टी. लॉकडाऊननंतर २८ जून २०२० ला राज्यात सलून उघडली तेव्हा नियमच होता की टॉवेल-नॅपकिन एकदा वापरून टाकायचे, तेव्हा दादाने गळ्याला लावायच्या कागदी पट्ट्या आणायला सुरुवात केली होती. पण तो पट्टी लावायचा आणि वरून कापड, बस. कापडाची कड मग कागदाच्या वर मानेला लागायचीच, आणि तीच कड पुढच्याच्या मानेला. नायटा-गजकर्ण असंच पसरतं, एकमेकांचा टॉवेल वापरू नका असं डॉक्टर सांगतात ते उगाच नाही. कागद थोडा रुंद घ्यायचा, कापड लावून झालं की कागदाची वरची कड कापडाच्या पट्टीवर दुमडायची. एवढंच. कापड कातडीला लागतच नाही आणि केस दुमडीवरून घसरतात. मी गळ्याची पट्टी मुद्दाम अरुंद केली, एक इंच, म्हणजे कागद पुरतो.

खालच्या कडेचं मात्र लगेच सुचलं. गिऱ्हाईक उठलं की मांडीवरचे सगळे केस पँटवर, बुटात. आमची आत्या शेतात मिरच्या तोडायची तेव्हा कमरेला लुगड्याची ओटी बांधायची, दोन टोकं वर खोचलेली, त्यात मिरच्या. तेच केलं. कापडाच्या पुढच्या कडेला आतून दोन लूप लावले, गिऱ्हाइकाने अंगठे अडकवायचे आणि उठायच्या आधी हात थोडे वर घ्यायचे, झाली ओटी. दादा गळा सोडतो, कापड पुढे घेतो आणि सगळे केस एकदम सुपलीत. म्हातारी माणसं हे लगेच करतात, तरुण पोरांना सांगावं लागतं कारण त्यांचे हात मोबाईलमध्ये.

गेल्या श्रावणात एका घरातलं जावळ होतं. मामाच्या मांडीवर बाळ, अकरा महिन्यांचं, आणि गळ्याला काही बांधलं की ते किंचाळायचं. मी योगायोगाने दुकानात होते. कापड बाळाला न बांधता मामाच्या गळ्याला बांधलं, अंगठ्याचे लूप मामाच्या हातात, आणि मामाने त्याच ओटीत बाळाला धरलं, बाळाच्या मानेला फक्त कागदाची पट्टी. बाळ त्या कापडाशी खेळायला लागलं, चुरचुर आवाज येतो ना नायलॉनचा, तो ऐकत बसलं, आणि दादाने हळूच वस्तरा बाजूला ठेवून मशीनने काढलं सगळं. जावळाचे केस मऊ असतात, ते एकही इकडेतिकडे न जाता ओटीत जमले आणि आजीने ते कणकेच्या गोळ्यात घेतले. आजीने कापड हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि विचारलं, कोणी शिवलं गं हे.

धुण्याबद्दल लिहायलाच हवं कारण पहिली दोन कापडं आम्हीच वाया घालवली. ब्लीचिंगच्या पाण्यात नायलॉन घातलं तर पिवळं पडतं आणि कमजोर होतं. कडक उन्हात रोज वाळवलं तरी विरतं. आधी कोरडं झटकायचं, मग साबणाच्या कोमट पाण्यात, सावलीत वाळवायचं, इस्त्री नाही. दादाकडे आता पाच खुर्च्यांना वीस कापडं आहेत, रोजची रोज धुतात. एका कापडाला मला शिलाई धरून पावणेतीनशेच्या आसपास पडतं, बाजारातलं निम्म्यात मिळतं हे मान्य आहे, पण ते दादा दर वर्षी टाकून द्यायचा.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. शेजारच्या ताईंचं लेडीज पार्लर आहे, त्यांनी दोन नेली, त्यांच्याकडे ओले लांब केस पाठीवर सोडतात आणि पाणी कानाखालच्या बटणापाशी आत जातं. बटणाच्या खाली अजून एक पदर द्यावा असं वाटतंय पण त्याने तिथे जाडी येते आणि डोकं बेसिनवर मागे टेकवताना टोचतं. दोन नमुने करून बघितले, दोन्ही ताईंनी परत आणून दिले, पहिला टोचतो म्हणून आणि दुसरा गळतो म्हणून. आज सोमवार आहे, तिसरा कापून ठेवलाय, पदर बाहेरून न देता पट्टीच्या आत वळवून बघणार आहे, संध्याकाळी ताई खुर्ची मोकळी ठेवते म्हणाल्यात.